बोर्ड हिरवा, प्रोसेसर आठ कोअरचा

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं एकाच माणसाला कळतं, आणि ते माणूस मी नव्हे. ही गोष्ट आता मला मान्य आहे. गेल्या लग्नसराईपर्यंत नव्हती.

कळतं ते माझ्या बायकोला, मंगलला. पलूसच्या पुढं कृष्णाकाठी आमचं गाव आहे आणि तिथं घरातच मंगलचा व्हिडिओ मिक्सिंगचा धंदा चालतो. आसपासच्या लग्नांत कॅमेरे घेऊन नाचणारी पोरं आपापली कार्डं आणून हिच्यापुढं टाकतात. मग हळदीपासून पाठवणीपर्यंतचं ते गाठोडं ही कापते, जोडते, नवरीवर गुलाब उधळते आणि नवरदेवाला ढगातनं चालवते. (नवरदेव ऊसतोडीच्या ट्रॉलीएवढा असला तरी ढगातनंच चालवते. गिऱ्हाईक मागंल ते द्यावं लागतं.)

मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात आहे. बाहेर सांगताना मी 'इंजिनिअरिंग खात्यात' असं म्हणतो. आयुष्य पंप, मोटारी आणि गिअरबॉक्स यांच्यात गेल्यामुळं कॉम्प्युटर नावाच्या त्या पत्र्याच्या डब्याबद्दल मला पहिल्यापासून तुच्छताच होती. ज्याला ना ग्रीस लागतं ना ऑईल, ज्यातनं ना धूर निघतो ना धड आवाज, त्याला यंत्र तरी कशाला म्हणायचं? पण मंगल त्या डब्यापुढं बसून कमवत होती, त्यामुळं ही तुच्छता मी मनातल्या मनातच ठेवत होतो.

तर ऐन लग्नसराईत हा डबा बसला. गाणं चढवलं की गुरगुरायचा, पडदा गोठायचा आणि मग सगळंच बंद. चालू करा, पुन्हा गुरगुर, पुन्हा बंद. आणि नेमका त्याच वेळी आटपाडीकडचा संतोष दारात आला. फौजेतला पोरगा, लग्नासाठी सुट्टी काढून आलेला, अंगाची हळद अजून पुरती गेलेली नव्हती.

"वैनी, सोमवारी मिरजंतनं गाडी हाय माझी," तो म्हणाला. "वर बर्फात पोस्टिंग लागलंय. तितं ना रेंज ना नेट. पेनड्राइव्हवर लगीन तेवढं भरून द्या."

"आरं, पण येवढी घाई? मागनं पाठवलं तर?"

संतोष जरा घुटमळला. मग खाली बघून म्हणाला, "लग्नात तिचं तोंडबी नीट बघितलं न्हाई ओ मी. आदी मधी अंतरपाट, मग मामा, मग फोटूवाला. आन् घरी ही पावण्यांची झुंबड. तितं जाऊन निवांत बघीन म्हनलं."

मंगलचं काळीज एवढ्या तेवढ्यानं पाघळत नाही. (पाघळत असतं तर माझा संसार वेगळा झाला असता.) पण त्या दिवशी पाघळलं. "सोमवारी रिकाम्या हातानं जाणार न्हाईस," ती म्हणाली. "शब्द दिला माझा."

शब्द दिला आणि डबा उघडून बसली. आतल्या मदरबोर्डावर बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं असतं, त्याचा तिनं मोबाइलवर फोटो काढला. कुणाकुणाला फोन करून चौकशी केली आणि निकाल दिला की ह्याचा प्रोसेसर बदलायला हवा. प्रोसेसर म्हणजे ह्या डब्याचं इंजिन. बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा, पोटाला बारीक बारीक सुया, आणि त्या सुया मदरबोर्डाच्या भोकांत बसतात. तिला राहिलेली कार्डं गोळा करायचं काम सोडून सांगलीला जाता येईना म्हणून ही कामगिरी माझ्याकडं आली.

"आवं, नीट ऐका," तिनं मला समोर उभं करून सांगितलं. "बोर्डाचा फोटू तुमच्या फोनवर पाठवलाय. दुकानात त्यो दाखवायचा, आन् म्हणायचं, ह्या बोर्डाला चालतुया त्यो सा कोअरवाला द्या. मोठा आणू नका. आपला बोर्ड हलक्यातला हाय. त्याला मोठा झेपायचा न्हाई."

"मोठा झेपत नाही म्हणजे काय? जास्त ताकद असली तर वाईट आहे होय?"

"बैल घेताना जोड बघत्यात न्हवं? एका अंगाला खोंड आन् दुसऱ्या अंगाला हत्ती जुपला तर गाडी चालंल का? तसंच हाय ह्ये. जोड जमली पायजे."

मी हसलो. इंजिनिअरिंग खात्यातल्या माणसाला बायको बैलांची उदाहरणं देते! यंत्राचं ज्ञान गोठ्यातनं येत नसतं, असं मी तिला सुनावणार होतो, पण ती परत डब्यात डोकं घालून बसली होती. म्हणून ते वाक्य मी वाटेत माझ्या मेहुण्याला ऐकवलं.

मेहुणा म्हणजे मंगलचा धाकटा भाऊ धनाजी. तासगावात ट्रॅक्टर विकतो. जगातल्या प्रत्येक वस्तूची किंमत तो हॉर्सपॉवरमध्ये करतो. माणसाचीसुद्धा. (माझी त्यानं किती केली आहे ते मी कधी विचारलं नाही.) मी त्याला वाटेत मोटरसायकलवर मागं घेतला आणि मंगलची बैलजोडी सांगितली. तो एवढा हसला की गाडी रस्त्याच्या कडेला गेली.

"दाजी, आक्कीला काय कळतंय! सा कोअर म्हंजी सा सिलेंडर. आट कोअर म्हंजी आट. ट्रॅक्टर कमी एचपीचा घेतला आन् पुन्ना रडत आला न्हाई, असा एक शेतकरी दाखवा मला."

"तेच म्हणतो मी."

"घ्यायचा तर दांडगा घ्यायचा. उद्या शेजाऱ्यानं इचारलं तर सा म्हणून सांगणार व्हय?"

शेजाऱ्यानं ह्याआधी कधी कॉम्प्युटरची विचारपूस केली नव्हती, पण मुद्दा बिनतोड वाटला.

सांगलीत अस्लमचं दुकान आहे. दुकान म्हणजे बोळ. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी, आणि मधे हा मावा चघळत उभा. मंगल त्याचं जुनं गिऱ्हाईक. मला तो ओळखत नव्हता आणि ओळखावंसं त्याला वाटलंही नाही. मान वर न करता त्यानं विचारलं, "काय पायजे?"

"प्रोसेसर. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा."

"बोर्ड कुठला हाय?"

इथं मी खिशातला फोन काढून फोटो दाखवायचा होता. एवढंच काम होतं माझं. पण समोरचं पोरगं माझ्यापेक्षा वयानं लहान, त्यातनं मावा खात विचारतंय, आणि मी बायकोनं पाठवलेला फोटो काढून दाखवायचा? वर्कशॉपात नवा फिटरसुद्धा मला विचारल्याशिवाय स्पॅनर उचलत नाही. मी फोन खिशातच राहू दिला.

"बोर्ड साधा आहे," मी म्हणालो. "हिरवा."

अस्लमनं पहिल्यांदा मान वर केली. "हिरवा?"

"हिरवा," धनाजीनं दुजोरा दिला. "मी सोता बघितलाय. चांगला गडद हिरवा हाय."

अस्लमनं माव्याची पिंक टाकली आणि आमच्याकडं असं बघितलं, जसं आम्ही कारखान्यात सहलीला आलेल्या शाळेकडं बघतो. "बायोस अपडेट केलंय का?"

बायोस हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. "आमच्याकडं सगळं अपडेटच असतं," मी म्हणालो.

"बघा बुवा. हलका बोर्ड असंल तर आट कोअरवाला चालंल न चालंल. मागनं माझ्या नावानं बोंबलू नका."

"तुमी काढा हो," धनाजी म्हणाला. "चालत कसा न्हाई! दाजी इंजिनेर हायत."

अस्लमनं खांदे उडवले आणि आठ कोअरचा प्रोसेसर काढून दिला. छोट्याशा पारदर्शक डबीत बसवलेला, सोनेरी सुयांचा, नाजूक. सोबत बोटभर एक ट्यूबही दिली, पांढऱ्या मलमाची. धनाजीनं ती वास घेऊन बघितली आणि "टूथपेस्टचं सॅम्पल दिसतंय," म्हणून खिशात टाकली. येताना आम्ही दोघं एवढ्या रुबाबात आलो, की वाटेत भेटलेल्या ओळखीच्या माणसांना थांबून थांबून डबी दाखवली.

घरी आलो तर मंगल नव्हती. राहिलेलं एक कार्ड आणायला ती भिलवडीला गेली होती आणि आईकडं निरोप ठेवून गेली होती, "मी येस्तवर डब्याला कुणी हात लावायचा न्हाई." हा निरोप आईनं आम्हाला शब्दशः सांगितला. आम्ही तो शब्दशः ऐकला, आणि धनाजीनं पेचकस मागितला.

जुना प्रोसेसर एका पंख्याखाली दबलेला असतो. धनाजीनं पंख्याचे स्क्रू काढले, दोन्ही पाय टेकवून जोर लावला आणि ट्रॅक्टरचं चाक ओढावं तसा तो पंखा ओढला. वाळक्या मलमानं चिकटलेला प्रोसेसर पंख्याबरोबर उपटून हातात आला.

"बघितलंसा?" धनाजी विजयानं म्हणाला. "सैलच होता! म्हनून डबा बंद पडत हुता."

मी मान डोलावली. वर्कशॉपात मीही असंच बोलतो, त्यामुळं मला ते पटलं.

नवा प्रोसेसर आता बसवणार, तोच आई देवघरातनं बाहेर आली. आमच्या आईचा एक नियम आहे. घरात आलेल्या कुठल्याही यंत्राला पूजा झाल्याशिवाय हात लावायचा नाही. पाण्याची मोटार, मिक्सर, मोटरसायकल, सगळ्यांची झाली आहे. गावाकडं तर हा नियम सगळीकडंच आहे, धनाजी नारळ फुटल्याशिवाय ट्रॅक्टरची चावी हातात देत नाही. त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं. मोटरसायकलच्या टाकीपेक्षा ह्या यंत्राचं अंग बरंच नाजूक आहे, हा विचार तिघांतल्या एकाच्याही डोक्याला शिवला नाही.

"येवढा महागाचा जिन्नस," आई म्हणाली, "आन् बिनपूजेचा बसवताय? पाट मांड."

पाट मांडला. आईनं ताटात फुलं, हळदकुंकू, अक्षता घेतल्या. प्रोसेसर डबीतनं काढून पाटावर ठेवला. आता प्रश्न पडला, की ह्या देवाचं तोंड कुठलं?

"सपाट बाजू पाठ," मी इंजिनिअरिंग खात्याचा निर्णय दिला. "सुया म्हणजे तोंड. सगळं काम तोंडानंच करतो तो."

म्हणून सुया वर करून ठेवला. आईनं हळदीची चिमूट सुयांवर सोडली. मग कुंकू. मग मूठभर अक्षता, अगदी मनापासून. अक्षता त्या सुयांत अशा अडकून बसल्या की वाफ्यात पेरल्यासारख्या दिसायला लागल्या. धनाजीनं नारळ फोडला आणि सवयीनं पाणी शिंपडलं. आईचं लक्ष मग बाजूला पडलेल्या जुन्या प्रोसेसरकडं गेलं.

"ह्यो बी ठेव ताटात," ती म्हणाली. "इतकी वर्सं राबला घरासाठी. त्यालाबी फूल पायजे." आणि घरातली रिकामी डबी वाया जाऊ द्यायची नाही, हे तिचं दुसरं तत्त्व असल्यामुळं तिनं जुन्याला नव्याच्या रिकाम्या डबीत घातलं, टोपण लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. मला भरून आलं. माझ्या निवृत्तीला कुणी एवढं करील असं वाटत नाही.

आरती झाली आणि अक्षता काढायचं काम माझ्याकडं आलं. बोटानं निघेनात म्हणून मी दात घासायचा ब्रश घेतला. ब्रशानं जवळजवळ सगळ्या अक्षता निघाल्या, पण सुया आडव्या झाल्या, वाऱ्यानं ऊस लोळावा तशा. मग त्या सरळ करायला आईचं दाभण घेतलं. वर्कशॉपात वाकलेला शाफ्ट मी ठोकून सरळ करतो, त्या मानानं ही किरकोळ कामगिरी होती. बऱ्याचशा सरळ झाल्या. राहिलेल्या बसवताना आपोआप होतील, असं धनाजी म्हणाला.

बसवला. बसेना. "जरा वजन टाका, दाजी!" वजन टाकलं. आत काहीतरी कुरकुरलं आणि बसला. पंख्याखाली लावायला काहीतरी मलम लागतं हे जुन्या पंख्याकडं बघून आम्हाला कळलं होतं. तेव्हा मी अभिमानानं कारखान्यातलं बेअरिंगचं ग्रीस काढलं. (अखेर ह्या यंत्रालाही ग्रीस लागतं तर! मला त्या डब्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.) धनाजीनं ते पोळीला तूप लावावं तसं सढळ हातानं लावलं.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

"गरम हूं द्या," धनाजी म्हणाला. "डिझेल इंजिनबी थंडीत येळ घेतंय."

गरम होऊ दिला. पडदा काळाच. डब्याला दोन थापा मारल्या, वायरी काढून घातल्या, आईनं अंगारा लावला. पडदा तसाच काळा. आणि दारात मंगलची स्कूटी थांबली.

ती आत आली. डबा बघितला, पाट बघितला, माझ्या हातातलं दाभण बघितलं. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा आमच्या घरातली मांजरंसुद्धा गच्चीवर जातात. तिनं पंखा काढला, ग्रीस पुसलं, प्रोसेसर उचलला आणि बोर्डाच्या भोकांत वाकून बघितलं.

"सॉकेटमधी तांदूळ कुणी पेरल्यात?"

"पूजेच्या अक्षता आहेत," मी म्हणालो.

"आन् ह्यो किती कोअरचा हाय?"

"आट!" धनाजी छाती काढून म्हणाला. त्याला अजूनही वाटत होतं की ही बातमी चांगली आहे.

मंगलनं अस्लमला फोन लावला आणि मुद्दाम स्पीकरवर टाकला. अस्लमचा आवाज घरभर घुमला. "वैनी, त्येंनी मला बोर्ड हिरवा म्हनून सांगितलं! आट कोअरवाला त्या बोर्डावर चालणारच न्हाई. बायोस, म्हंजी बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, जुनं असंल तर बोर्ड त्याला वळखतबी न्हाई. आन् वळखलं तरी त्याला वीज पुरवायची ताकद त्या बोर्डात न्हाई. जुना बसवा परत, हातातलं काम उरका, मग निवांत या."

म्हणजे नेमकं बैलांचंच उदाहरण, फक्त बैल न घेता. मी धनाजीकडं बघितलं. धनाजी आढ्याकडं बघत होता.

"जुना कुठाय?" मंगलनं विचारलं.

सगळ्यांनी पाटाकडं बघितलं. पाट धुऊन भिंतीला उभा केलेला होता. ताट घासून पालथं घातलेलं होतं. आमची आई कामाला फार उरकती आहे.

"डबी व्हय?" आई म्हणाली. "ती निर्माल्यात गेली की. पूजेतलं कायबी घरात पसरून ठिऊ नये. शेजारचं शंकरअण्णा घाटाकडं चाललं हुतं, त्यांच्याकडं पिशवी दिली."

मंगल खुर्चीत बसली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "पोरगं तिकडं बर्फात जाऊन बसणार. त्याला काय सांगू मी? हिरवा हुता म्हनून सांगू?"

मला लाज वाटली. खरोखरची. मी चपला न घालताच घाटाकडं पळालो. मागनं धनाजी.

घाटावर ग्रामपंचायतीनं निर्माल्यासाठी सिमेंटचा हौद बांधलाय. संध्याकाळच्या वेळी गावातली सगळी मोठी माणसं तिथं पारावर बसलेली असतात. कारखान्यातले आमचे साहेबही फिरायला येतात. त्या सगळ्यांच्या साक्षीनं मी आणि धनाजी हौदात उतरलो आणि कुजलेल्या झेंडूत कोपरापर्यंत हात घातले.

"काय हरवलं रं?" पारावरनं एक म्हातारा ओरडला.

"प्रोसेसर!"

"कंच्या देवाचा टाक हाय त्यो?"

"टाक नाही, आबा. कॉम्प्युटरचा असतो."

"नारळ हुडकत असशील तर न्हाईत बरं का," दुसरा म्हणाला. "मगाशीच न्हेलं कुणीतरी. उगं कशाला हात घाण करतुयास? चांगली नोकरी हाय तुला."

साहेबांनी माझ्याकडं बघून मान फिरवली. इंजिनिअरिंग खातं निर्माल्यातले नारळ वेचतंय, ही बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीलाच वर्कशॉपात पोचणार हे मला तिथंच कळलं. धनाजीनं तोंडाला रुमाल बांधला, कुणी ओळखू नये म्हणून. माझं तोंड मात्र उघडं होतं. आणि शेवटी शंकरअण्णांची पिशवी सापडली. पिशवीत फुलं, फुलांत डबी, डबीत जुना प्रोसेसर. टोपण घट्ट, आत पाण्याचा थेंबही नाही. आईचं रिकाम्या डबीचं तत्त्व त्या दिवशी घराच्या कामी आलं. मी ती डबी कपाळाला लावली आणि पारावरची माणसं एकमेकांना म्हणाली, "हाय, देवाचंच कायतरी हाय."

घरी येईपर्यंत मंगलनं सॉकेटमधले तांदूळ चिमट्यानं एकेक वेचून काढले होते आणि पंखा खोलून ठेवला होता. तिनं पंखा माझ्या नाकासमोर धरला. पात्यांच्या मागच्या जाळीत काळा थर बसला होता, गोधडीच्या अस्तरासारखा.

"ह्ये काय हाय?"

मी बोट लावून बघितलं. हा काळा रंग मी पोटापाण्यासाठी रोज बघतो. "चिमणीची काजळी दिसते."

"तुमच्या कारखान्याची. हवाच जाईना आत, मग तापून बंदच पडणार की ह्यो. पंखा काढायची टाळाटाळ मी बी केली, म्हनून आदी कळलं न्हाई." एवढं म्हणून तिनं जाळी ब्रशनं साफ केली. (दात घासायच्याच. तो ब्रश त्या दिवशी दुसऱ्यांदा कामी आला आणि मग घरातनं गेला.) धनाजीच्या खिशातनं डोकावणारं टूथपेस्टचं सॅम्पल तिनं हात पुढं करून मागून घेतलं. ते पंख्याखाली लावायचं खरं मलम होतं. धनाजीला दात घासायला ते वापरायची सवड मिळाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

जुना प्रोसेसर बसवला, बटण दाबलं आणि पडदा उजळला. डबा काही वाऱ्यासारखा धावायला लागला नाही, पण मधे बंदही पडला नाही. रविवारभर मंगल त्याच्यापुढं बसून होती आणि आम्ही दोघं अंगणात. आत यायची परवानगी फक्त चहा घेऊन येणाऱ्याला होती, आणि तो चहा आई करायची.

संध्याकाळी संतोष आला, सोबत नवी नवरी. मंगलनं त्याला पडद्यावर थोडंसं दाखवलं. अंतरपाट खाली येतो आणि नवरी मान वर करून बघते, तेवढं तिनं संथ केलं होतं. ना गुलाब, ना ढग. नुसता तिचा चेहरा. संतोष बघत राहिला. शेजारी खरी नवरी उभी होती, तिनं लाजून पदर तोंडाला लावला, तरी हा पडद्याकडंच बघत होता.

"येवढंच पायजे हुतं, वैनी," तो म्हणाला. पेनड्राइव्ह त्यानं वरच्या खिशात, छातीशी ठेवला आणि मग माझ्याकडं वळून भाबडेपणानं म्हणाला, "दादा, तुमचीबी लय मदत झाली आसंल की."

"व्हय," मंगल म्हणाली. "लय झाली."

संतोष सोमवारी गेला. त्यानंतर लग्नसराई जरा ओसरल्यावर मंगल स्वतः सांगलीला निघाली. आठ कोअरवाला परत करायचा आणि सहा कोअरवाला आणायचा. मला आणि धनाजीला तिनं बरोबर घेतलं. "चुकी कुणी केली ती त्येला समोर दिसू द्या," असं तिचं म्हणणं होतं.

दुकानात तिनं फोन पुढं केला. अस्लमनं फोटो बघितला. "बायोस?"

"काल केलंय अपडेट."

"बास," असं म्हणून त्यानं सहा कोअरवाला काढून दिला. जे काम करायला मला आख्खं इंजिनिअरिंग पुरलं नव्हतं ते उभ्या उभ्या झालं. मग मंगलनं पर्समधनं आमचा आठ कोअरवाला काढला. "ह्यो तेवढा परत घ्या."

अस्लमनं तो उजेडात धरला. मी शक्य तेवढा पुसला होता, पण सुयांच्या मुळाशी पिवळं दिसत होतं. त्यानं नखानं खरवडून बघितलं, वास घेतला आणि मावा एका गालातनं दुसऱ्या गालात नेला.

"हळद हाय की ही!"

"पूजेची आहे," मी म्हणालो. "शुभ असते."

"शुभ असू द्या, काका. सुया वाकल्यात, वर हळद लागलीया. हळद लागलेला माल मी परत घेत न्हाई."

"दुसऱ्या कुटल्यातरी बोर्डाला चालंल की वो," धनाजीनं ट्रॅक्टरवाल्याच्या आवाजात घासाघीस सुरू केली. "दिसायला बघा की कसा दांडगा हाय!"

"दिसायला हाय. चालायचा न्हाई कुटंच."

मंगलनं प्रोसेसर हातात घेतला. त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, अगदी सावकाश, जसा तिनं तो अंतरपाट संथ केला होता.

"राहू द्या, अस्लमभाई," ती म्हणाली आणि त्याला परत पर्समध्ये टाकला. "दिसायला दांडगा, कामाला शून्य, आन् हळद लागली म्हनून परत करता येत न्हाई, असा एक घरात हायच. चला, जोड तरी जमली!"